मेटोप्रोलॉल सुरू केल्यापासून आईचे हातपाय गार पडतात, थकवा येतो. गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की आईंना दोन महिन्यांपासून बीपी आणि धडधडीसाठी मेटोप्रोलॉल ५० चालू आहे, तेव्हापासून बोटं गार पडतात, अंगात त्राण नसतं, रात्री विचित्र स्वप्नं पडतात, आणि मावशी म्हणतात की आठवडाभर बंद करून बघा. तसं कृपा करून करू नका. मी हेच करून बसलोय.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. हार्ट अटॅकनंतर सात वर्षं हीच गोळी घेतोय. पहिला हिवाळा फार जड गेला. इथे जानेवारीत पारा कधी तीन-चार अंशांवर उतरतो. रजईत लोकरी मोजे घालून झोपलो तरी पाय बर्फ. ही गोळी अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा जोर कमी करते. ठोके मंदावतात, हृदयाची मेहनत वाचते, पण हातापायांच्या टोकांकडे रक्त थोडं कमी पोचतं, म्हणून गारठा. थकवाही त्यातलाच, आणि तो बऱ्याच जणांना पहिल्या काही आठवड्यांत जास्त जाणवतो.

त्याच हिवाळ्यात भाच्याच्या लग्नाला जबलपूरला गेलो आणि गोळ्यांची पट्टी घरीच राहिली. तिथल्या दुकानात गोळी सहज मिळाली असती. मी मात्र म्हटलं, चला, तीन दिवस न घेता बघू, थकवा जातो का. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छातीत धाडधाड सुरू झालं, दडपण आलं, नाडी ११८. रात्र दवाखान्यात काढली. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते अजून लक्षात आहे: अ‍ॅड्रेनलिनची दारं गोळीनं बरेच दिवस अडवून धरली की शरीर नवी दारं उघडतं. गोळी एकदम थांबली की ती सगळी एकाच वेळी मोकळी होतात. बीपी उसळतं, ठोके वाढतात, हृदयविकार असेल तर झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत नेतात.

मग आईंनी सोसत राहायचं का? मुळीच नाही. माझ्या डॉक्टरांनी डोस ५० वरून २५ केला आणि गोळी रात्रीऐवजी सकाळी दिली. थकवा बराच उतरला, स्वप्नंही कमी झाली. मेटोप्रोलॉल चरबीत विरघळतं, म्हणून मेंदूपर्यंत पोचतं. अटेनोलॉल तितकं पोचत नाही. त्यामुळे औषध बदलण्याचीही वाट असते, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची.

भेटीआधी आठवडाभर सकाळी उठल्यावर आईंची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून, बीपीसोबत वहीत लिहा. नाडी ५० च्या खाली जात असेल, चक्कर येत असेल, श्वासात शिट्टी वाजत असेल किंवा पाय सुजून दम लागत असेल तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. दमा असेल तर तेही सांगा. डिप्रेशनची फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असेल तर जरूर सांगा, त्यांनी मेटोप्रोलॉलचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आणि गोळ्यांच्या पट्टीवर एक्सएल किंवा ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिलं असेल तर गोळी कुटून किंवा चावून देऊ नका, दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

आईंना मधुमेह आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: साखर उतरली की एरवी होणारी थरथर आणि धडधड या गोळीमुळे झाकली जाते, घाम मात्र येतो. आईंना असा अचानक दरदरून घाम फुटला तर लगेच साखर तपासा, आणि मशीन हाताशी नसेल तर आधी साखरेचं पाणी द्या.