सूर तेच ठेवून लय बदलली, तर ओळखीची चाल ओळखणं अवघड का जातं?

कारण सूर आणि वेळ आपण एकमेकांच्या आधाराने लक्षात ठेवतो. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांच्या १९८० च्या प्रयोगात संगीत शिकलेल्या श्रोत्यांनी ऐकलेली स्वरावली लिहून काढली. स्वरांचा गट जिथे संपतो तिथेच विराम आला, तर ती छान आठवली. गटाच्या मध्येच विराम पडला, तर चुका खूप वाढल्या. उलटंही घडतं, आणि ते मला जास्त विलक्षण वाटतं: दोन स्वर उंचीने (एक खालचा, एक वरचा) एकमेकांपासून जितके दूर, तितका त्यांच्यातला वेळही जास्त भासतो. मात्र दोन्हींची यंत्रणा एकच नाही. मेंदूला इजा झालेल्या काहींची सुरांची जाण जाते, लयीची शाबूत राहते. काहींचं नेमकं उलट होतं.