खर्जासाठी लिहिताना

म्हार्दोळ (गोवा), श्रावण

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझी रचना पोचली. दोन ट्रॉम्बोन, एक युफोनियम, एक ट्युबा, चारही पितळी फुंकवाद्यं, त्यांत ट्युबा सगळ्यांत खर्जातला, आणि शेवटच्या भागात घुमट, आपलं ते चामडं ताणलेलं मडकं. तीन दिवस कागद टेबलावर उघडेच आहेत. पहिल्या दिवशी नुसतं वाचलं. दुसऱ्या दिवशी ट्युबाची ओळ माउथपीसवर फुंकून पाहिली. काल रात्री पाऊस जरा थांबला तेव्हा ट्युबा बाहेर काढला आणि सोप्यावर बसून पहिल्या बारपासून, म्हणजे मात्रांच्या पहिल्या कप्प्यापासून, शेवटापर्यंत वाजवला.

फार बरं वाटलं. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, पहाटे गावभर आल्व्होराद वाजवत फिरणारा बँड असो की लग्नाच्या वरातीतला, ट्युबावाल्याच्या वाट्याला पहिल्या मात्रेवरचं 'धुम्' तेवढं येतं. या माणसालाही गाता येतं असं समजून कुणी चार ओळी लिहिल्या, हे मला या वयात पाहायला मिळालं. तू कंप्युटरवर वाजवून पाठवलेलं रेकॉर्डिंगही ऐकलं. गोड आहे. पण कंप्युटरला दम लागत नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

नवव्या बारपासून विसाव्या बारपर्यंत तू ट्युबाला एकही रेस्ट, म्हणजे विसावा, दिलेला नाहीस. लय संथ आहे, आवाज मोठा मागितला आहेस आणि सगळे स्वर खालच्या सप्तकातले आहेत. बी फ्लॅट ट्युबाची नळी उलगडली तर अठरा फूट भरते, ट्रॉम्बोनच्या दुप्पट. खालचा स्वर जोरात धरला की चार-पाच सेकंदांत छाती रिकामी होते. मी काल चौदाव्या बारला थांबलो. माझं वय सोडून दे, तुझ्या बँडमधला तो उंच पोरगाही सोळाव्याच्या पुढे जाणार नाही.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. मी पंचविशीत होतो तेव्हा सासष्टीतल्या एका गावच्या फेस्तासाठी असंच लिहिलं होतं. ट्युबा वाजवणारा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पदेर, म्हणजे पाव भाजणारा, होता. रात्रभर भट्टीपुढे उभा राहून, पहाटे पाव पोचवून तो थेट वाजवायला आला होता. माझ्या त्या लांबलचक ओळीच्या मध्यावर त्याचे गुडघे वाकले. चर्चच्या पायरीवर तो बसला तेव्हा ओठांभोवती माउथपीसचं लाल कडं उमटलेलं होतं आणि कपाळावरून घाम गळत होता. मला तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझा कागद परत दिला. त्यावर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा म्हणून अकरा स्वल्पविराम काढलेले होते, आणि प्रत्येकापाशी माझा एकेक स्वर खोडलेला. तेवढे स्वर सोडून बाकी सगळं त्याने वाजवलं असतं. मी ती ओळ त्याच्या खुणांनी पुन्हा वाचली, तर ती माझ्या मूळ ओळीपेक्षा चांगली होती. जिथे त्याने श्वास घेतला होता, तिथे वाक्यच संपत होतं.

तेव्हापासून मी ट्युबासाठी एकही ओळ श्वासाची खूण न करता लिहिलेली नाही. तूही तसंच कर. आधी ओळ गा. पियानोवर नको, गळ्याने गा, आणि गाताना जिथे आपोआप थांबशील तिथे खूण कर. मग ट्युबासाठी त्याचे आणखी दोन तुकडे कर. आर्नल्ड जेकब्स १९४४ पासून १९८८ पर्यंत शिकागो सिम्फनीत ट्युबा वाजवत होते. त्यांची सगळी शिकवण 'गाणं आणि श्वास' या दोन शब्दांत मावते. मला ती पटते, कारण आपल्याकडे खर्जाचा रियाज करणारे गवई वेगळं काही करत नाहीत. मंद्रातला सा लावायचा, तो भरून येईपर्यंत धरायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा. सोडणं हाही त्या रियाजाचा भाग आहे. खर्ज अखंड चालू राहिला की कानाला त्याची सवय होते आणि मग तो ऐकूच येत नाही. मध्ये थांबून परत आला की सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे हे कळतं.

आता दुसरी गोष्ट, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सुरुवातीला तू मांडोची, आपल्या गोव्याच्या त्या गाण्याची, चाल घेतलीस, सहा मात्रांची, डुलणारी. मांडोत दोन गळे थर्डच्या, म्हणजे तिसऱ्या स्वराच्या, अंतराने बरोबर चालतात, तेच तू युफोनियम आणि ट्युबाला दिलंस. कल्पना मनापासूनची आहे. पण बाराव्या बारला ट्युबा खालच्या डीवर आहे आणि युफोनियम लगेच वरच्या एफवर. डी म्हणजे सेकंदाला साधारण ७३ कंपनं, एफ म्हणजे ८७. दोन्हींतला फरक १४. कानाला एवढ्या खाली हे दोन स्वर वेगळे ऐकू येत नाहीत, एकच गुरगुर ऐकू येते. बायांच्या गळ्यात तेच अंतर मधासारखं लागतं, कारण तिथे दोन्ही स्वर कितीतरी वर असतात. कंप्युटरच्या लहान स्पीकरमधून खालचे सूर मुळात नीट येतच नाहीत, म्हणून तुला घोटाळा जाणवला नसणार.

उपाय सोपा आहे. युफोनियम एक सप्तक वर ने. थर्डचा टेन्थ, म्हणजे दहाव्या स्वराचं अंतर, होईल. स्वर तेच, नातं तेच, फक्त मधे हवा खेळेल. मांडोचा जोडगळा कुणाला द्यायचाच असेल तर तो दोन ट्रॉम्बोनना दे, मधल्या सप्तकात. ट्युबाखाली दुसरं काही ठेवू नकोस आणि ट्युबाच्या लगेच वर निदान पाचव्या स्वराएवढी जागा मोकळी सोड. मी कितीतरी अरेंजमेंट पाहिल्या आहेत ज्यांत खालची सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर बसलेली असतात, आणि मग लोक म्हणतात, हा बँड जड वाजतो.

बारीकसारीक दुरुस्त्या कागदावरच केल्या आहेत. एकच इथे सांगतो. एकतिसाव्या बारमध्ये दुसऱ्या ट्रॉम्बोनला तू बास क्लेफमधल्या (खालच्या स्वरांच्या लेखनातल्या) दुसऱ्या ओळीचा बी फ्लॅट, लगेच बी नॅचरल आणि परत बी फ्लॅट दिलास, तेही क्वेव्हरमध्ये, झटपट छोट्या स्वरांत. साध्या ट्रॉम्बोनवर तो बी फ्लॅट पहिल्या पोझिशनमध्ये, सरकनळी पूर्ण आत असताना, आहे आणि बी नॅचरल सातव्यात. अर्ध्या स्वरासाठी हात पूर्ण लांब करायचा आणि परत आणायचा. ट्रिगर, म्हणजे जादा नळी उघडणारी कळ, असलेला ट्रॉम्बोन हे हसत करेल, पण तुमच्या बँडमध्ये दोघांकडेही ट्रिगर नाही. ट्युबाही तीन व्हॉल्व्हचाच आहे, तेव्हा अगदी खालच्या ईच्या खाली उतरू नकोस, तिथून पेडल, म्हणजे अगदी तळाच्या, बी फ्लॅटपर्यंतचे स्वर त्या वाद्यात नाहीतच. आणि तिन्ही व्हॉल्व्ह दाबून येणारे ई आणि बी नॅचरल चढे लागतात. घुमटाबरोबर शांत थांबायचं असेल तर त्या दोन स्वरांवर थांबू नकोस. युफोनियमवाल्याला विचार तो ट्रेबल क्लेफ वाचतो की बास. जुन्या बँडमधला असेल तर ट्रेबल वाचेल. दोन्ही प्रती काढून ठेव.

तू पत्रात लिहिलंस, 'या वाद्यांसाठी मुळात लिहिलेलंच काही नाही, मग कशाच्या आधाराने लिहू?' हे खरं नाही, आणि तू असं समजून बसू नयेस असं मला फार वाटतं. ट्युबा हे तरुण वाद्य आहे. १८३५ मध्ये बर्लिनला वीप्रेख्त आणि मोरित्झ यांनी त्याचं पेटंट घेतलं. व्हायोलिनला जेवढी शतकं मिळाली तेवढी याला मिळालेली नाहीत. १९५४ मध्ये इंग्रज रचनाकार वॉन विल्यम्स यांनी ट्युबासाठी कन्चेर्टो लिहिला, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची पन्नास वर्षं साजरी होत होती आणि वाजवणारा फिलिप कॅटलिने त्याच ऑर्केस्ट्राचा ट्युबावाला होता. त्यातला मधला संथ भाग तू ऐकच. तिथे ट्युबा कुणाला आधार देत नाही, स्वतः गातो. पुढच्याच वर्षी जर्मन रचनाकार हिंडेमिथ यांचा ट्युबा आणि पियानोसाठीचा सोनाटा आला.

पण मला त्याहून जवळचा वाटतो तो हार्वी फिलिप्स. हा अमेरिकन ट्युबावादक रचनाकारांच्या मागे लागायचा, माझ्या वाद्यासाठी लिहा म्हणून. रचनाकार अॅलेक वाइल्डर यांनी त्याच्यासाठी एकामागून एक रचना लिहिल्या. १९७४ च्या नाताळात फिलिप्सने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये नुसते ट्युबा आणि युफोनियमवाले जमवले, शेकडो, आणि त्यांच्याकडून नाताळची गाणी वाजवून घेतली, वाइल्डरनीच बसवलेली. आपल्या गुरूची आठवण म्हणून. त्याचे गुरू विल्यम बेल यांचा जन्म नाताळच्याच दिवशीचा. एरवी मागे बसणारी माणसं एकत्र येऊन चाल वाजवताहेत, हे चित्र मला तुझ्या वयात कुणी दाखवलं असतं तर मी कितीतरी आधी लिहायला लागलो असतो. या वाद्याचं संगीत वाजवणाऱ्यांनी मागून घेतलेलं आहे. तुझ्या बँडमधल्या त्या पोराने तुझ्याकडे मागितलं, तू लिहिलंस. परंपरा याहून वेगळी कशी असते?

एक विनंती. ट्युबाला विनोदी करू नकोस. जाड्या माणसाची चाल, हत्तीचं डुलणं, हे लोकांनी खूप केलं आहे आणि टाळ्याही मिळवल्या आहेत. तुझ्या दुसऱ्या भागात तसा एक तुकडा आहे. तो काढ असं मी म्हणेन. तो वाजवताना माझं मन लागलं नाही.

घुमटाचा भाग मात्र मला हलवून गेला. सुंवारीतली, घुमटाच्या त्या वादनातली, ती उठान तू नेमकी पकडली आहेस. फक्त एवढं बघ, घुमटाचा घुमारही खालीच राहतो. घुमट आणि ट्युबा एकाच मात्रेवर आदळले तर मडक्याचा तो ओला, खोल आवाज बुडतो. ट्युबाला आधीच्या मात्रेवर आण, सोड, आणि त्या रिकाम्या जागेत घुमट बोलू दे. शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कांसाळें (झांजा) वर आहेत, त्यांची अडचण नाही. चवथीच्या आरतीला आमच्या घरी घुमटं वाजतात तेव्हा मी ट्युबा घेऊन मागे बसून हे करून पाहिलंय. घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी आरती थांबवली नाही, म्हणजे जमलं असणार.

रविवारी चार वाजता चौघांना घेऊन ये. घुमट वाजवणारा आमच्या वाड्यावरचा आहे, त्याला मी सांगून ठेवलंय. ट्युबाची नवी ओळ छापून आणू नकोस, पेन्सिलीने लिहून आण. पहिल्यांदा वाजेल तेव्हा तू स्कोअरमध्ये डोकं घालू नकोस, ट्युबावाल्याच्या समोर बस आणि त्याच्या खांद्यांकडे बघत राहा. खांदे वर उचलले की त्या बारचा नंबर लिहून घे. पावसात व्हॉल्व्ह चिकटतात, तेव्हा येताना तेलाची बाटली विसरू नका, माझी संपली आहे.

तुझा,
काका