पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवायचाय, चौसष्ट रेफरन्सचं काय करू?

प्रश्न: माझा पेपर एका जर्नलने परत पाठवला, आता दुसरीकडे सबमिट करायचाय. पहिल्या ठिकाणी मजकुरात लेखकाचं नाव आणि वर्ष अशी पद्धत होती, इथे आकडे हवेत, तेही मजकुरात येतील त्या क्रमाने. एकूण ६४ रेफरन्स आहेत आणि सगळे मी हाताने टाइप केलेत. गाइड म्हणतात दोन दिवस बस आणि बदलून टाक. तसंच करू का?
– एक पीएचडी विद्यार्थिनी

उत्तर: हाताने नका करू, अगदी मनापासून सांगतोय. आज दोन दिवसांत होईलही, पण रिव्ह्यू आला की कुणीतरी म्हणणार की इंट्रोडक्शनमध्ये अजून दोन पेपर घाला, आणि मग सातव्या नंबरच्या पुढचं सगळंच्या सगळं दोनने सरकणार. माझ्या एका पेपरमध्ये मी शेवटच्या दिवशी एक रेफरन्स काढला, यादीतले नंबर बदलले आणि मजकुरातले राहिले, त्यामुळे एन्झाइमबद्दलच्या वाक्यापुढे मातीच्या सामूवरचा पेपर जाऊन बसला. रिव्ह्यूअरने पकडलं म्हणून बरं, नाहीतर तसंच छापलं गेलं असतं आणि कुणीतरी तो नंबर धरून भलताच पेपर उघडून वाचत बसलं असतं.

आधी त्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना नीट वाचा. बरीच जर्नल्स आता पहिल्या सबमिशनला कुठलीही स्टाइल चालवून घेतात, फक्त ती पूर्ण पेपरभर एकसारखी हवी आणि माहिती अर्धवट नको. तसं असेल तर लगेच पाठवा आणि मधल्या वेळात शांतपणे यादी नीट लावा.

यादी लावायची ती रेफरन्स मॅनेजरमध्येच, म्हणजे रेफरन्स साठवून हव्या त्या स्टाइलमध्ये मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. झोटेरो, मेंडली, एंडनोट, कुठलाही घ्या, झोटेरो फुकट आहे म्हणून मी तेच सांगतो. त्यात वर जादूच्या कांडीचं एक चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून पेपरचा डीओआय (प्रत्येक पेपरचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की लेखक, वर्ष, व्हॉल्यूम, पानं सगळं आपोआप येतं, आणि एका वेळी अनेक डीओआय पेस्ट केले तरी चालतात, म्हणजे ६४ चं काम एका दुपारचं आहे. मग वर्डमध्ये प्रत्येक जागचं नाव-वर्ष खोडून तिथे त्याच सॉफ्टवेअरच्या प्लगइनमधून सायटेशन, म्हणजे मजकुरातली रेफरन्सची खूण, घालायचं. हे एकदाच कष्टाचं आहे, नंतर जर्नल बदललं की फक्त स्टाइल बदलायची, नंबर आपोआप लागतात. हजारो जर्नल्सच्या स्टाइल तयार मिळतात.

पण सॉफ्टवेअर फक्त मांडणी करतं हो, माहिती बरोबर आहे का ते त्याला कळत नाही. डीएनएच्या दुहेरी पेडावरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा पेपर घ्या. व्हँकूव्हर पद्धतीत, म्हणजे आकड्यांच्या पद्धतीत, शेवट असा दिसतो: नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८. म्हणजे वर्षानंतर अर्धविराम, कंसात अंक क्रमांक, आणि पानांचा शेवटचा आकडा तोकडा. एपीएमध्ये, म्हणजे नाव-वर्षाच्या एका पद्धतीत, तोच पेपर: वर्ष कंसात, लेखकांच्या नावानंतर लगेच, आणि शेवटी नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८. हा फरक मशीन बिनचूक करतं. पण डेटाबेसमधून शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये आलं असेल, सजीवाचं शास्त्रीय नाव इटॅलिक नसेल, अल्फा-बीटाच्या जागी चौकोन आला असेल किंवा पानांऐवजी लेख क्रमांक असलेल्या पेपरची ती जागा कोरी राहिली असेल, तर ते तसंच छापून येतं. त्यामुळे प्रत्येक नोंद मूळ पेपरच्या पहिल्या पानाशी ताडून बघा, तुमचे ते दोन दिवस खरे इथे घालवा.

लेखक किती लिहायचे याचा घोळ सगळ्यांचाच होतो. व्हँकूव्हर हे नाव पडलं कारण १९७८ मध्ये वैद्यकीय जर्नल्सचे संपादक त्या शहरात जमले होते. या पद्धतीत बरीच जर्नल्स पहिले सहा लेखक आणि पुढे एट अल. (म्हणजे 'आणि इतर') असं मागतात, तर एपीएच्या २०१९ मधल्या सातव्या आवृत्तीत यादीत वीसपर्यंत सगळी नावं लिहायची असतात. जर्नलच्या नावाचा संक्षेप मनाने करायचा नाही, त्याला ठरलेली रूपं आहेत, आणि नेचरसारखं एका शब्दाचं नाव पूर्णच लिहायचं. शंका आली तर त्याच जर्नलचा याच वर्षी छापलेला एखादा पेपर शेजारी उघडून बसा, सूचनांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

अजून एक, जिथे हमखास चुकतं. तक्त्यामधल्या सायटेशनला नंबर मिळतो तो मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे येतो त्या क्रमाने. तुम्ही तक्ते फाइलच्या शेवटी ठेवलेत तर सॉफ्टवेअर त्यांना शेवटचे नंबर देऊन मोकळं होतं, ते बघून दुरुस्त करा. आणि पाठवण्याआधी फाइलची कॉपी काढून त्या कॉपीतच सायटेशन अनलिंक करा, म्हणजे सॉफ्टवेअरशी जोडणी तोडून त्यांचा साधा मजकूर करा, मूळ फाइल जपून ठेवा, रिव्हिजनला तीच लागेल.

प्रश्न: १९६८ चा एक पेपर मला मिळतच नाहीये, पण एका रिव्ह्यूमध्ये, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखात, त्याचा निष्कर्ष वाचलाय. थेट मूळ पेपरचा रेफरन्स दिला तर काय बिघडतं? सगळेच देतात.

उत्तर: बिघडतं. रिव्ह्यूवाल्याने निष्कर्ष थोडा जरी वाकवला असेल तर तुम्ही तो वाकलेलाच पुढे नेता, वर मूळ लेखकाच्या नावावर. सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये रेफरन्समधल्या छपाईच्या चुका तपासल्या, त्याच त्या चुका पेपरमागून पेपरमध्ये उतरलेल्या सापडल्या, आणि त्यावरून त्यांचा अंदाज निघाला की रेफरन्स देणाऱ्यांपैकी जेमतेम वीस टक्के मूळ पेपर वाचतात. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं. आधी ग्रंथपालांना विचारा, दुसऱ्या लायब्ररीतून स्कॅन मागवता येतो. नाहीच मिळाला तर मजकुरात मूळ पेपरचा उल्लेख 'अमुक रिव्ह्यूमध्ये उद्धृत' असा करा आणि यादीत वाचलेला रिव्ह्यूच लिहा, एपीएचा नियमही हाच आहे.

प्रश्न: यादी चॅटबॉटला देऊन फॉरमॅट करून घेतली तर चालेल का?

उत्तर: मी देणार नाही. तो स्वल्पविराम नीट लावता लावता एखादा लेखक गाळतो, पान क्रमांक बदलतो, आणि कधीकधी अस्तित्वातच नसलेला पेपर इतका खरा वाटेल असा लिहून देतो की डोळ्यांना कळत नाही. आधीच करून घेतली असेल तर प्रत्येक डीओआय ब्राउझरमध्ये उघडा, शीर्षक जुळतंय का बघा. उघडलाच आहे तर पेपर मागे घेतलेला नाही ना तेही बघून घ्या, तशी नोंद पेपरच्या पानावरच असते, आणि नोंदी झोटेरोमध्ये असतील तर मागे घेतलेल्या पेपरवर ते स्वतःच लाल खूण दाखवतं.