'पापाराझी' : किडा नव्हे, आडनाव

प्रश्न असा आहे : बातम्यांत नटनट्यांचा पाठलाग करणाऱ्या एका फोटोग्राफरलाही 'पापाराझी' म्हणतात आणि दहांनाही. मूळ एकवचन 'पापाराझो' ना? मग मराठीत काय लिहावं?

'एक पापाराझी' खुशाल लिहा. इटालियनमध्ये एकवचन ओकारान्त हे खरं, पण मराठीत एक हत्ती, दहा हत्ती चालतात. 'पापाराझीज' मात्र नको, तो अनेकवचनावर चढवलेला दुसरा अनेकवचनी 'ज' झाला. उच्चाराचं सोवळं पाळायचंच असेल तर 'झ'ही सोडा. इटालियनमध्ये तिथे 'चाक'मधल्या 'च'चा ध्वनी आहे, तोही जोडून. आणि नटीच्या माणसाने फोन करून विमानतळावर बोलावलेले, 'मॅडम, इकडे!' म्हणत ताटकळणारे ते पापाराझी नव्हेत. ते आमंत्रित पाहुणे.

खरी गंमत पुढेच आहे. इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता' या चित्रपटात (१९६०) मार्चेलो या पत्रकारामागे हिंडणाऱ्या फोटोग्राफरचं पापाराझो हे नाव. भूमिका वॉल्टर सान्तेस्सोची. १९५८ साली रोमच्या व्हिया व्हेनेतो या रस्त्यावर तारे-तारका नि फोटोग्राफर यांच्या झटापटी गाजत होत्या. फेलिनीने तात्सिओ सेक्किआरोलीसारख्या फोटोग्राफरांना गाठून त्यांच्याकडून किस्से काढून घेतले. (रस्ता मात्र चिनेचित्ता स्टुडिओत उभारला. खरा रस्ता चढाचा, पडद्यावरचा सपाट!)

नावाचं श्रेय सहपटकथाकार एन्निओ फ्लायानोचं. जॉर्ज गिसिंग या इंग्रज लेखकाने दक्षिण इटलीचं प्रवासवर्णन लिहिलं, १९०१ साली. त्याचा इटालियन अनुवाद १९५७चा, म्हणजे पटकथेच्या तोंडावरचा. त्यात कातान्झारो गावचा एक हॉटेलमालक भेटतो, कोरिओलानो पापाराझो. खोलीच्या दारावर त्याची सूचना : आमच्याकडे उतरणारे काही प्रवासी जेवायला मात्र दुसरीकडे जातात हे कळून मालकांस अत्यंत खेद झाला आहे; यामुळे त्यांच्या भावना तर दुखावतातच, शिवाय हॉटेलच्या लौकिकासही बाधा येते. ही तर अस्सल पुणेरी पाटी! पुस्तक सहज उघडलं आणि हे नाव दिसलं, असं फ्लायानोने नोंदवून ठेवलं आहे.

तरीही व्युत्पत्तीच्या पुस्तकांतून 'पापाराझो म्हणजे बोलीभाषेत गुणगुणणारा डास' हे पिढ्यान्‌पिढ्या उतरवलं जातं. कारण काय, तर हे नाव ऐकून आपल्याला गुणगुणणारा किडा आठवतो, असं फेलिनी म्हणाला होता. अहो, दिग्दर्शकाला काय आठवतं ही व्युत्पत्ती नव्हे! काही जण 'पाप्पाताची' या चावऱ्या माशीकडे बोट दाखवतात. त्या शब्दाची फोड तरी करा : 'खा नि गप्प बस'. मुकाट चावणाऱ्या माशीतून गुणगुण कशी काढणार? हा शब्द मुळात शिंपलीचा, असं म्हणणाराही एक पंथ आहे. शिंपली उघडते-मिटते तशी लेन्सची झडप म्हणे. नंतर सुचलेल्या व्युत्पत्त्या अशाच बेतीव असतात.

माझं विचाराल तर आडनावाच्याही मागे जावं. कातान्झारो दक्षिण इटलीतल्या कालाब्रिया प्रांतात आहे आणि कालाब्रियात शतकानुशतकं ग्रीक नांदली. ग्रीकमध्ये 'पापास' म्हणजे पाद्री. या हॉटेलवाल्याचा मूळ पुरुष पाद्रीच असणार, यावर मी ठाम आहे. डासवाल्यांना पटो न पटो.