वाचकांचे प्रश्न : फरशी स्वच्छ, पण श्वासाचे काय?

प्रश्न : संडासाच्या भांड्यावरचे डाग निघेनात, म्हणून टॉयलेट क्लीनर ओतल्यावर मी त्यावरच थोडे ब्लीच टाकले. क्षणार्धात उग्र वास सुटला, डोळ्यांतून पाणी आले आणि ठसका लागला. बाहेर येऊन मोकळ्या हवेत बसल्यावर तासाभराने बरे वाटले. दोन्ही उत्पादने स्वच्छतेसाठीच असताना असे का व्हावे?

उत्तर : दोन्ही उत्पादने आपापल्या जागी ठीक आहेत, घातक आहे ते त्यांचे एकत्र येणे. भांड्यावर साचलेले क्षार विरघळवणाऱ्या बऱ्याच क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर घरगुती ब्लीच हे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण असते, आणि या दोहोंची गाठ पडताच क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर शस्त्र म्हणून सोडला गेला तो हाच वायू. घरात तयार होणारे त्याचे प्रमाण अर्थातच फार कमी असते, परंतु दार लावलेल्या छोट्या न्हाणीघरात तेवढेही पुरते. शिवाय क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे तो खालीच रेंगाळतो, आणि भांडे घासणाऱ्याचा चेहराही नेमका तिथेच असतो. डोळे, नाक आणि श्वासनलिका यांच्या ओलाव्यात विरघळून तो आम्ले तयार करतो, म्हणून आपल्याला जळजळ आणि ठसका यांचा त्रास झाला.

आपण लगेच बाहेर आलात हे योग्यच केले. अशा वेळी सांडलेले निपटण्यासाठी पुन्हा आत जाण्याचा मोह टाळावा आणि हवा पूर्ण बदलेपर्यंत खोली उघडी ठेवावी. फुप्फुसांना झालेली इजा कधी कधी काही तासांनी जाणवते, म्हणून नंतर धाप लागली, छाती आवळल्यासारखी वाटली किंवा खोकला थांबेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दमा असणाऱ्यांनी तर लक्षणे वाढण्याची वाटच पाहू नये.

ब्लीचशी वैर असणारे टॉयलेट क्लीनर एकटेच नाही. व्हिनेगर आणि लिंबाचा रस हीदेखील आम्लेच असून त्यांच्यामुळेही क्लोरीन सुटू शकतो. काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो आणि त्याच्याशी ब्लीचचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाचे, तितकेच त्रासदायक वायू तयार होतात. एका वेळी एकच उत्पादन वापरावे, आणि दुसरे वापरायचेच असेल तर आधी भरपूर पाण्याने जागा धुऊन घ्यावी. ब्लीच कशात मिसळायचेच असेल तर ते फक्त साध्या पाण्यात.

प्रश्न : माझ्या मुलीला दमा आहे. ओटा, काचा आणि फर्निचर पुसण्यासाठी मी वेगवेगळे स्प्रे वापरते. आता ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले सुगंधी स्प्रे आणले आहेत. ते निर्धोक समजावेत का?

उत्तर : ‘नैसर्गिक’ हा शब्द पाहून बाटली निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिंबूवर्गीय सालींपासून मिळणारे लिमोनीन किंवा पाइनच्या तेलातील पाइनीन हे पदार्थ खरोखरच नैसर्गिक आहेत, पण हवेतील ओझोनशी त्यांची प्रक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला वनस्पतीजन्य वास आणि कारखान्यातला वास यांत भेद करता येत नाही. लेबलवर नुसते ‘सुगंध’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा त्या एका शब्दामागे अनेक रसायनांचे मिश्रण असू शकते. घर स्वच्छ झाल्याची खूण म्हणून आपण वासाकडे पाहतो, वास्तविक स्वच्छ पृष्ठभागाला कसलाच वास नसतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा मात्र फवाऱ्याचा आहे. द्रवाचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि थेट श्वासात जातात, फडक्यावर ओतलेला तोच द्रव तितक्या प्रमाणात जात नाही. युरोपातील दहा देशांतल्या साडेतीन हजार व्यक्तींचा, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. घराची साफसफाई करणाऱ्या, आणि सुरुवातीला दमा नसलेल्या या लोकांपैकी जे आठवड्यातून किमान एकदा स्प्रे वापरत, त्यांच्यात दम्याची लक्षणे उद्भवण्याचे प्रमाण अधिक आढळले. न फवारता वापरायच्या उत्पादनांबाबत मात्र असा संबंध दिसला नाही. पुढे २०१८ मध्ये नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांहून अधिक लोकांची सुमारे २० वर्षांची माहिती तपासली, तेव्हा साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांच्या तुलनेत अधिक वेगाने घटलेली दिसली. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत आणि त्यांतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, तरीही ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे तिथे सावध होण्यास एवढा पुरावा पुरेसा मानावा.

तेव्हा वासविरहित, पातळ द्रव घ्या आणि तो फडक्यावर ओतून पुसा. काचांना ओले मायक्रोफायबरचे फडके आणि मागून कोरडे फडके एवढे बहुधा पुरते. घटकांची संपूर्ण यादी छापणारे उत्पादन निवडा, आणि त्या यादीत बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी जंतुनाशके दिसली तर ते रोजच्या पुसण्यासाठी नको, कारण या गटातील रसायनांचा दम्याशी संबंध आढळलेला आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे ‘सेफर चॉइस’ किंवा युरोपीय संघाचे ‘इकोलेबल’ यांसारखे चिन्ह असेल तर घटकांची कोणीतरी त्रयस्थाने तपासणी केली आहे, एवढा भरवसा मिळतो. पुसताना खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलीला त्या वेळी दुसऱ्या खोलीत राहू द्या.

प्रश्न : खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून उत्तम क्लीनर बनतो, हे खरे का?

उत्तर : फेस उत्तम बनतो. आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते मुख्यतः पाणी व सोडियम ॲसिटेट. वेगवेगळे वापरल्यास दोन्ही उपयोगी आहेत, सोडा घासण्यासाठी आणि व्हिनेगर नळावरचे क्षार काढण्यासाठी. संगमरवरावर मात्र व्हिनेगर कधीही लावू नये, त्याची चकाकी जाते.

प्रश्न : घरात लहान मूल रांगते आहे, म्हणून रोज जंतुनाशकाने लादी पुसावी का?

उत्तर : एरवी त्याची गरज नाही. साबणाचे पाणी मळ आणि त्यासोबत बहुतेक जंतू उचलून नेते, तर जंतुनाशकाचा थर लादीवर मागे राहतो आणि मूल तिथेच हात टेकून तो तोंडात घालते. घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा जंतुनाशक जरूर वापरावे, पण आधी मळ काढून, कारण मळाशी गाठ पडली की ब्लीचचा जोर तिथेच संपतो. लेबलवर लिहिलेली मिनिटे भरेपर्यंत पृष्ठभाग ओला राहू द्यावा आणि नंतर तो साध्या पाण्याने पुसून घ्यावा. लगेच कोरडे केल्यास जंतू मरत नाहीत. पाण्यात कालवलेले ब्लीच झपाट्याने निकामी होते, ते रोज नव्याने करावे.

रांगत्या मुलाच्या घरात मला खरी काळजी वाटते ती पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलेल्या द्रवांची. तुंबलेली मोरी मोकळी करणाऱ्या उत्पादनांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो आणि त्याच्या एका घोटानेही अन्ननलिका भाजते. ही द्रव्ये मूळ बाटलीतच, उंचावर आणि कुलपात ठेवावीत. मुलाने काही प्यायल्याचे दिसल्यास उलटी करवू नये, कारण वर येताना तोच द्रव अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजतो. उतारा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगरही पाजू नये. डोळ्यांत उडाल्यास १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धुवावा. दोन्ही प्रसंगी रुग्णालयात जाताना ती बाटली सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना घटक ओळखण्यात वेळ घालवावा लागत नाही.