रिपोर्टमध्ये काही नाही, मग कंबर दुखते कशी?

"मॅडम, डॉक्टर म्हणतात वयानुसार झीज आहे, ऑपरेशनचं काही नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मी सोंग करते का हो?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या या ताई एमआरआयची पिशवी मांडीवर धरून खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. टेकून बसायची भीती वाटत होती. जुनाट दुखण्याचे बहुतेक जण हाच प्रश्न घेऊन येतात, आणि 'मनाचे खेळ' हे दोन शब्द त्यांना दुखण्याइतकेच छळतात. म्हणून मी आधी सांगितलं, "ताई, तुमची वेदना शंभर टक्के खरी आहे."

मग कपाळावर बोट ठेवून त्यामागच्या भागाबद्दल, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सबद्दल बोलले. शरीराकडून आलेल्या इशाऱ्याला किती महत्त्व द्यायचं, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्याचा निरोप मेंदूच्या बुंध्याशी जातो आणि तिथून मज्जारज्जूतले वेदनेचे संदेश दाबले जातात किंवा वाढवलेही जातात. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर डॉ. हेन्री बीचर यांना गंभीर जखमी असूनही वेदनाशामक नको म्हणणारे अनेक सैनिक भेटले. जखम तीच, पण जीव वाचल्याचा अर्थ मेंदूने लावलेला.

दुखणं तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलं की ते जुनाट धरतात. मग हाच भाग सतत काळजीत, पहाऱ्यावर राहतो आणि त्याची दाबण्याची ताकद कमी पडू लागते. जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांमध्ये तिथलं करडं द्रव्य (ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूपेशींचा भाग) कमी झालेलं 2004 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं.

ताई घाबरल्या. "म्हणजे मेंदू झिजला?"

नाही. 2011 मध्ये कॅनडात, उपचारांनी आराम पडलेल्या रुग्णांमध्ये त्याच भागाची जाडी पुन्हा वाढलेली आढळली. हे ऐकून त्या पहिल्यांदा मागे टेकून बसल्या.

ताईंचं खरं कोडं त्यांच्या रोजच्या नोंदींच्या वहीत सापडलं. बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर आवरायचं, पुढचे दोन दिवस आडवं पडायचं. आणि जागोजागी एकच वाक्य: 'वाकले तर मणका सरकेल.' फिजिओथेरपिस्टशी बोलून आम्ही चालण्याचं अंतर ठरवलं. बरा दिवस असो वा वाईट, तेवढंच. वाकायच्या आधी भीती लिहायची, वाकल्यावर खरंच काय झालं ते खाली लिहायचं. शाळेच्या वह्यांचा गठ्ठा आधी टेबलावरून उचलायचा, मग खालच्या कप्प्यातून. यजमानांनाही एकदा बोलावलं, कारण "आज किती दुखतंय?" हे रोज विचारल्याने लक्ष तिथेच खिळत होतं. त्याऐवजी ते सोबत फिरायला जाऊ लागले.

ताईंचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण त्या रजेवर नाहीत, आणि झोप लागते.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. पायातला बधिरपणा वाढला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, कंबरदुखीबरोबर ताप आला किंवा विनाकारण वजन उतरलं, तर समुपदेशनाची वेळ घेत बसू नका. आधी डॉक्टर गाठा.