नवी विंडोज आणि नवे इंटरनेट : एकाच दिवशी नको

प्रश्न : २०१८ साली घेतलेल्या माझ्या संगणकावर विंडोज १० आहे. ती बदलून विंडोज ११ घ्यावी, असे घरच्यांचे म्हणणे आहे. इंटरनेट फार संथ असल्यामुळे कंपनीही बदलायची आहे. नव्या कंपनीचा माणूस जोडणीला येईल त्याच दिवशी दोन्ही कामे उरकावीत का? माझा ई-मेल पत्ता सध्याच्या कंपनीनेच दिलेला आहे.

उत्तर : दोन्ही कामे करा, परंतु एकाच दिवशी करू नका. दोन्ही बदल एकदम केले आणि नंतर इंटरनेट चालेनासे झाले, तर दोष नव्या ड्रायव्हरचा (संगणकाचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा), राउटरचा की बाहेरून आलेल्या तारेचा, हे ओळखणे फार कठीण होते. आधी विंडोज बदलावी आणि तीही जुन्या जोडणीवरच, कारण ती संथ असली तरी तिची चाल तुमच्या परिचयाची आहे.

विंडोज १० साठीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक चालूच राहतो, मात्र सुरक्षेतील त्रुटी बुजवणारी नेहमीची अपडेट्स मिळत नाहीत, त्यामुळे घरच्यांचे म्हणणे योग्य आहे. तुमचा संगणक नेमका सीमेवरचा आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, आणि २०१८ मध्ये सातव्या पिढीचे संगणकही विकले जात होते. सेटिंग्जमध्ये प्रोसेसरचे नाव पाहा : ‘आय५-८४००’ असेल तर जोडरेघेनंतरचा ८ हा आकडा आठवी पिढी दाखवतो; ‘आय५-७४००’ असेल तर सातवी. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन हीच तपासणी करून देते. त्यात टीपीएम, म्हणजे विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षेची सुविधा, नसल्याचे दिसले तरी लगेच नवा संगणक घेण्याचा विचार करू नका. ही सुविधा पुष्कळदा संगणकात असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या संगणकांत ती ‘पीटीटी’ या नावाने सापडते. मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, कागदावर उतरवून ठेवा, अन्यथा स्वतःच्याच फायलींपुढे कुलूप लागण्याची वेळ येऊ शकते.

फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि त्यातील दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या बॅकअपवर मी तरी विसंबत नाही. नवी विंडोज पसंत पडली नाही, तर सर्वसाधारणपणे १० दिवसांपर्यंत जुनीवर परतता येते. तेवढ्या दिवसांत प्रिंटर, आवाज आणि मराठी टंकलेखन नीट चालते का ते पाहून घ्या, आणि त्यानंतरच नव्या कंपनीला बोलवा.

परंतु त्याआधी एक चाचणी अवश्य करा. संगणक राउटरला थेट केबलने जोडून वेग मोजा, आणि नंतर नेहमीच्या जागी बसून वायफायवर मोजा. केबलवर पूर्ण वेग मिळत असेल आणि वायफायवर मिळत नसेल, तर अडचण भिंतींची किंवा राउटरच्या जागेची आहे, आणि नवी कंपनी आली तरी ती तशीच राहील. ३०० एमबीपीएसच्या (सेकंदाला ३०० मेगाबिटच्या) योजनेत केबलवरही आकडा ९४ च्या आसपास अडकत असेल, तर केबल खराब आहे किंवा पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, १०० एमबीपीएसच्या मर्यादेचे आहे, असे समजावे. आणखी एक खुलासा : हा वेग बिटमध्ये मोजतात आणि फायलींचा आकार बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. ही कंपनीची फसवणूक नव्हे.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या ई-मेलची. कंपनी सोडल्यावर तिने दिलेला पत्ता बंद होऊ शकतो, आणि बँकेच्या खात्यापासून विसरलेल्या पासवर्डपर्यंत सारे काही त्याच पत्त्यावर येत असते. कोणत्याही इंटरनेट कंपनीशी न बांधलेला पत्ता आजच उघडा, एकेका ठिकाणी तो नोंदवा आणि जुनी पत्रे उतरवून घ्या. नवी जोडणी सुरू झाल्यावरही जुनी महिनाभर राहू द्यावी. दुहेरी खर्च होतो, पण राहून गेलेली खाती याच काळात लक्षात येतात. त्यानंतर जुनी सेवा लेखी कळवून बंद करा आणि राउटर कंपनीचा असेल तर तो परत करताना पोच घ्या.